मदत हवी आहे: ‘आय-कॅची’ बरोबर की चूक? आजच छपाईला द्यायचंय

कसबेकर: संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचाय म्हणून थेट विचारतो. इंग्रजीत ‘आय-कॅची’ लिहितात की नाही? भाचा म्हणतो असा शब्दच नाही. मला तर जाहिरातींत रोज दिसतो. चूक असेल तर बरोबर काय, तेवढं सांगा.

सुलेखा_कोथरूड: पूर्ण वाक्य द्या ना. कशाबद्दल लिहिताय? वाचणार कोण?

जुनी_वही: भाचा बरोबर आहे. ‘आय-कॅचिंग’ लिहा, म्हणजे नजर वेधून घेणारं. ‘कॅची’ म्हणजे जे एकदा ऐकलं की तोंडात बसतं. गाण्याची चाल, घोषवाक्य, एखादं नाव. ‘आय-कॅची’ ही दोन्हींची सरमिसळ आहे.

पर्वती_पायथा: का नाही चालणार? आमच्या ऑफिसात सगळे हेच लिहितात, कुणाचं काही अडत नाही. भाषा वापरणाऱ्यांची असते.

जुनी_वही: ऑफिसच्या मेलमध्ये नाही अडत. छापून लोकांच्या हातात दिलं की खटकतं. पैसे खर्चून चूक कशाला छापायची?

कसबेकर: वाद नंतर घाला हो. वाक्य असं आहे: ‘अवर लॅम्प्स आर आय-कॅची अँड कॅच द आइज ऑफ एव्हरीवन.’

सुलेखा_कोथरूड: अहो, हे आधी द्यायचं! एकच गोष्ट दोनदा सांगितलीय. शिवाय या प्रयोगात ‘आय’ एकवचनीच राहतो, बघणारे शंभर असले तरी. ‘कॅच द आय’. भूतकाळात ‘कॉट’. आणि दिवे कसले आहेत?

कसबेकर: तांब्याचे. तांबट आळीतलं हातकाम. प्रदर्शनात पत्रक वाटायचंय, बाहेरदेशचे लोकही येतात म्हणून इंग्रजीत.

निवृत्त_मास्तर: याच प्रयोगाचा दुसरा अर्थही लक्षात ठेवा. हॉटेलात वेटरची नजर आपल्याकडे वळवणं, तेही ‘कॅच हिज आय’. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये बोलायची संधी हवी असलेले सदस्य जागेवर उभे राहतात, त्याला ‘कॅचिंग द स्पीकर्स आय’ म्हणतात. आणि ‘आय कँडी’ चुकूनही लिहू नका. दिसायला छान पण आत काही नाही, असा वास येतो त्याला.

बागेतली_ताई: दादा, दुकानाची पाटी करणार असाल तर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. २०२२ पासून कायद्यातच आहे.

कसबेकर: पाटी नाही ताई, पत्रक.

पर्वती_पायथा: तांबं काळं पडलं तर कुणाची नजर जाणार? आदल्या रात्री चिंच-मीठ लावून घासा, लगेच कोरडं पुसा. वरून लॅकरचा पारदर्शक लेप मारलेला असेल तर मात्र घासू नका.

सुलेखा_कोथरूड: कसबेकर, दिवे मठारलेले, म्हणजे हातोडीने ठोकून घेतलेले आहेत का?

कसबेकर: हो, म्हणजे काय! मठारकामाशिवाय तांबट आळी कसली? मठारल्याने पत्रा टणक होतो आणि झळाळीही त्यानेच येते.

सुलेखा_कोथरूड: मग तेच लिहा! हातोडीच्या प्रत्येक ठोक्याची गोल खूण उरते आणि दिवा लावला की त्या खुणेत उजेडाचा ठिपका उभा राहतो. ‘आमचा माल नजरेत भरतो’ असं आपणच सांगितलं की ते कुणी मनावर घेत नाही. खूण दाखवा, नजर आपोआप जाईल. इंग्रजीत ‘कॅच द लाइट’ म्हणतातच.

जुनी_वही: त्यांनी विचारलं होतं ‘आय-कॅचिंग’बद्दल. तेही बरोबरच आहे, उगाच गोंधळवू नका.

सुलेखा_कोथरूड: बरोबर आहेच. पण प्रत्येक स्टॉलवर तोच शब्द असणार. हे ठोके यांच्याच मालावर आहेत.

कसबेकर: पटलं. ‘हँड-हॅमर्ड कॉपर लॅम्प्स फ्रॉम तांबट आळी, पुणे. एव्हरी हॅमर मार्क कॅचेस द लाइट.’ ‘मार्क’ की ‘मार्क्स’?

निवृत्त_मास्तर: ‘एव्हरी’नंतर ‘मार्क’च. म्हणून क्रियापद ‘कॅचेस’. द्या छपाईला.

बागेतली_ताई: प्रदर्शन कुठे आहे ते सांगितलंच नाहीत. मला बंब बघायचाय, मिळेल का?