शेजाऱ्यानं बांध कोरलाय, बारा वर्षांनी जमीन त्याची होते काय? सल्ला द्या

भातवाला_खानापूर:
नमस्कार मंडळी. आमचं दीड एकर भातशेत बेळगावच्या खानापूर तालुक्यात हाय, मी कामाला पुण्यात. सुगीला आलो तर बाजूवाल्यानं बांध कोरत कोरत दोनेक गुंठे आत घेतलेत. विचारलं तर म्हणायलाय, बारा वर्षं मीच कसतोय, आता कायद्यानं माझं झालं. आई सांगते तो पट्टा बाबांनीच त्याला वैरणीला वापर म्हणून तोंडी दिलेला. खरंच जाते काय जमीन? आधी सर्व्हेवाल्याकडं जाऊ की वकिलाकडं? आईला रात्रभर झोप नाही.

निपाणीकर:
आधी हद्दबस्तचा, म्हणजे हद्द मोजून घ्यायचा अर्ज टाका, म्हणजे मूळ हद्द कुठं हाय ते कागदावर येतंय. उतारा, टिप्पण (मोजणीचा जुना कच्चा नकाशा), आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची नोंद) काढून ठेवा, सगळं कन्नडात असतंय तर वाचणारा माणूस सोबत न्या, आम्ही न वाचता सही केली आणि पुढं लई त्रास झाला. पण मोजणीदार दगड दाखवतोय, ताबा काढून देत नाही बघा, त्याला कोर्टच लागतं.

कोर्टातला_मुंशी:
दोन्हीकडं जावा, पण वकिलाला उशीर नको. बारा वर्षांचं खोटं नाही, 1963 च्या लिमिटेशन अॅक्टात (दाव्यांच्या मुदतीचा कायदा) आर्टिकल 65 हाय, मालकानं ताबा परत मागायचा दावा बारा वर्षांत घालायचा, ती मुदत गेली की कलम 27 नं मालकाचा हक्कच संपतोय. पण नुसतं कसलं म्हणून होत नाही. उघड, सलग आणि मालकाच्या विरोधात ताबा पाहिजे आणि ते त्यानंच सिद्ध करायचं. परवानगीनं वापरलेली वर्षं त्यात धरत नाहीत, त्यामुळं तुमच्या बाबांचा शब्द हीच केसची जान हाय. "माझं झालं" हे तो कधीपासनं म्हणायलाय ते आईला नीट विचारा. आणि नोटीस दिली म्हणून मुदत थांबत नाही, दावाच घालावा लागतो. 2019 पासनं सुप्रीम कोर्टाच्या निकालानं असा ताबेदार स्वतःही दावा घालू शकतो, म्हणून गप्प बसू नका.

भातवाला_खानापूर:
लई आभार. आई म्हणते यंदाच पहिल्यांदा तसं बोललाय. वैरणीचं ठाऊक असलेले गावात दोन म्हातारे हायत.

कोर्टातला_मुंशी:
मग पुण्याला जायच्या आधी त्यांना घेऊन वकिलाकडं जावा, त्यांचं वय बघा की.