पुण्यात ‘गाडी’ म्हणजे नेमकं काय?

धडेवाला:
नोकरीसाठी पुण्यात आलेल्या अमराठी लोकांसाठी शब्दांचे धडे तयार करतोय. ‘गाडी’पाशी अडलोय. कोशात ‘चाकांचे वाहन’ एवढंच मिळतं, पण बोलण्यात तिची स्कूटर होते, कार होते, आगगाडी होते, भेळेची हातगाडीही होते. नवख्याने ओळखायचं कशावरून? आणि गाडा, गाडी, गाडं हा फरक फक्त आकाराचा आहे का?

पेठकरी:
नामावरून कळणारच नाही. शेवटचा प्रत्यय आणि क्रियापद ऐकायला शिकवा. ‘गाडीवर आलो’ म्हणजे दुचाकी. ‘गाडीतून आलो’ म्हणजे चारचाकी. ‘गाडीवर खाल्लं’ म्हणजे हातगाडी. ‘कितीची गाडी आहे?’ असं विचारलं तर रेल्वे किंवा एसटी, कारण वेळ त्यांनाच असते. किंमत विचारायची तर ‘गाडी कितीला पडली?’ असं म्हणतात. ‘गाडीने आलो’ हे मात्र मोघम आहे, तिथे पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. पुण्यात नुसतं ‘गाडी काढ’ म्हटलं की आधी दुचाकीच डोळ्यांपुढे येते.

‘लावणे-लागणे’ला वेगळा धडा द्या, सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. ‘गाडी लावली’ म्हणजे उभी केली. ‘गाडी दोन नंबरला लागली’ म्हणजे फलाटावर आली. आणि ‘मला गाडी लागते’ म्हणजे प्रवासात मळमळतं, उलटी होते. हे ‘लागणे’ ऊन लागणे, बोट लागणे यांतलं, बाधण्याचं. दिवे घाटात शिरण्याआधी कुणी ‘तुम्हाला गाडी लागते का?’ विचारलं, तर ‘हो, रोज ऑफिसला लागते’ हे उत्तर चुकलं. ‘गाडीची गरज लागते’ हे वाक्य शेजारी ठेवून शिकवा, फरक लगेच पटतो.

मुळाकाठ:
फरक नुसता आकाराचा नाही. गाडा पुल्लिंगी, मोठा, ओझ्याचा: संसाराचा गाडा, राज्याचा गाडा. पण पुणे जिल्ह्यातल्या शर्यतीला बैलगाडा म्हणतात आणि तो तर अगदी हलका असतो. पांगुळगाडा तर चालायला शिकणाऱ्या मुलाचा. म्हणजे ‘गाडा मोठा’ हा नियम पक्का सांगू नका. नपुंसकलिंगी गाडं (लेखी गाडे) आता बहुतेक अडलेल्या कामापुरतंच उरलंय: ‘गाडं कुठे अडलं?’

लिहिताना अनुस्वार जपा. ‘गाड्यावर’ म्हणजे एका गाड्यावर. ‘गाड्यांवर’ हे अनेकवचन, पण ते गाडा आणि गाडी दोघांचंही. ‘गाड्यांवर कारवाई’ असा मथळा असेल तर हातगाड्या उचलल्या की रस्त्यावर लावलेल्या दुचाकी, ते खालची बातमी वाचूनच कळतं. तिथे ‘हातगाड्यांवर’ असं पूर्ण लिहायला सांगा.

गावातल्या नावांचाही उपयोग करा. हडपसरचा गाडीतळ आणि शुक्रवार पेठेतला गाडीखाना शिकणाऱ्यांच्या कानावर रोज पडतात. तळ म्हणजे मुक्कामाची जागा, खाना म्हणजे ठेवण्याची. वाहनतळ, तोफखाना लगेच जोडता येतात.

धडेवाला:
‘लागणे’चा धडा नक्की करतो. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ यातला नळा कोणता? पाण्याचा नळ असं सांगून चालेल का?

आरे-धाव:
नाही, अर्थच बुडेल. नळा म्हणजे वंगण ठेवायचं बांबूचं नळकांडं. ते बैलगाडीलाच टांगलेलं असे. वाटेत आस (दोन चाकांना जोडणारा दांडा) कोरडा पडला की चाक करकरायला लागतं, तसंच हाकत राहिलं तर तुंबा, म्हणजे आस जातो तो चाकाचा मधला भाग, आतून झिजतो आणि चाक डुगडुगतं; म्हणून वंगण गाडीसोबतच हवं. गाडा यात्रेला निघाला की नळ्यालाही यात्रा घडते, स्वतः काही न करता. मोठ्याच्या संगतीने लहानाचंही काम होतं, ते यातून आलं.

याच गाडीतून आलेले आणखी दोन शब्द धड्यात घ्या. चाकोरी म्हणजे चाकांनी मातीत पाडलेली चर. ती खोल झाली की चाक बाहेर काढणं जड जातं, म्हणून ‘चाकोरीबाहेर’. धुरा म्हणजे जू जिथे येतं तो गाडीचा पुढचा भाग. गाडी ओढण्याचा भार तिथे, म्हणून ‘धुरा सांभाळणे’.

‘रहाटगाडगं’ मात्र या यादीत टाकू नका. त्यातलं गाडगं मातीचं, विहिरीच्या रहाटाला बांधलेलं. गाडीशी त्याचा संबंध नाही.