प्रति: समतेसाठी वेगळा पुरस्कार कशाला?

"काम चांगलं असेल तर दखल घेतली जातेच, समतेसाठी वेगळा पुरस्कार कशाला?" असं चित्रपटांतल्या समतेच्या पुरस्काराबद्दल म्हटलं जातं. पी. के. रोझींचं काय झालं ते बघा.

'विगतकुमारन' या पहिल्या मल्याळम मूकपटाच्या त्या नायिका. दलित समाजातल्या, आणि भूमिका नायर या उच्च जातीतल्या स्त्रीची. तिरुवनंतपुरमला चित्रपट लागला तेव्हा उच्चवर्णीय प्रेक्षकांनी पडद्यावर दगड मारले. पुढे त्यांचं घर जाळलं, त्यांना तमिळनाडूत पळून जावं लागलं. एका लॉरी ड्रायव्हरशी लग्न करून त्या 'राजम्माळ' म्हणून जगल्या. पुन्हा कॅमेऱ्यासमोर कधीच आल्या नाहीत.

दिग्दर्शक जे. सी. डॅनियलही या चित्रपटापायी कफल्लक झाले, हे खरं. पण त्यांच्या नावाने केरळ सरकारने 1992 मध्ये सर्वोच्च चित्रपट पुरस्कार सुरू केला. रोझींचं नाव फिल्म सोसायटीला मिळालं ते 2019 मध्ये, तेही सरकारकडून नव्हे, 'विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह' या मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या बायकांच्या संघटनेकडून.

याच बायकांच्या रेट्यामुळे 2017 मध्ये तिथल्या स्त्रियांच्या अडचणींचा अभ्यास करायला हेमा समिती नेमली गेली. समितीचा अहवाल सरकारने साडेचार वर्षांहून अधिक काळ दाबून ठेवला, तो 2024 च्या ऑगस्टमध्ये बाहेर आला. दरम्यान यातल्या काही जणींची कामं सुटली, त्या उघडपणे बोलल्यात त्याबद्दल.

म्हणून पुरस्कार द्यायचाच तर अशा गटाला द्यावा, आणि शालश्रीफळ नको. सोबत काम द्या, निवड समितीत खुर्ची द्या. एकट्या नटीला मंचावर बोलावून टाळ्या वाजवणं निर्मात्यांना फारच स्वस्तात पडतं.