नवीन बत्तीस बोअर पिस्तूल सारखं अडकतंय – मॅगझिनचा दोष की पिस्तुलाचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. १७ वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढली, नायक म्हणून घरी आलो. आता एका काजू व्यापाऱ्याकडे कामाला आहे. हंगामात बेळगावहून रोकड घेऊन जांबोटी, कणकुंबीकडच्या गावांत जायचं, शेतकऱ्यांचा माल वजन करून घ्यायचा आणि तिथल्या तिथं पैसे चुकते करायचे, असं काम. रस्ता सगळा जंगलाचा. मध्येच मोबाईलची रेंज जाते आणि पाऊण तास येतच नाही. म्हणून स्वसंरक्षणासाठी लायसन काढलं आणि दोन महिन्यांपूर्वी बत्तीस बोअरचं नवीन पिस्तूल घेतलं. बजेट लाखाच्या आतलं होतं, त्यात बसणारं हे एकच मिळालं. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही, कारण चूक कुणाची हे अजून मलाच ठरवता आलेलं नाही.

आधी एक खुलासा. फौजेत होता म्हणजे हत्यारातलं सगळं कळत असणार, असं गावात सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. इन्सास रायफल डोळे बांधून खोलून जोडेन, एलएमजी म्हणजे हलकी मशीनगन चालवली आहे, पण साध्या जवानाच्या हातात पिस्तूल फारसं येत नाही. त्यामुळे या बाबतीत मी शिकाऊच आहे, असं धरूनच उत्तर द्या.

आता त्रास सांगतो. माझ्या लायसनवर वर्षाला ५० काडतुसांचा कोटा आहे. त्यातली ३२ मी रेंजवर, रीतसर परवानगी घेऊन, दोन वेळा जाऊन चालवली. पिस्तुलाबरोबर दोन मॅगझिन (काडतुसं भरायच्या पेट्या) आली, प्रत्येकी आठ राउंडची. सरावाची सवय आहे, म्हणून दोन्हींच्या बुडाला रंगाचा ठिपका दिला, एकाला पांढरा, एकाला लाल, आणि वहीत प्रत्येक राउंडची नोंद ठेवली. ३२ राउंडमध्ये ७ वेळा अडकलं. पांढऱ्या मॅगझिनच्या १६ राउंडमध्ये दोनदा, लाल मॅगझिनच्या १६ मध्ये पाचदा.

या सातांपैकी पाच वेळा गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, चढलीच नाही. टोक खालीच टेकून राहिलं आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) दोन-तीन सूत मागे अडकून बसली. त्यातले चार प्रकार लाल मॅगझिनचे. एकदा रिकामी पुंगळी बाहेर न पडता स्लाइडमध्ये उभी चिमटली, तेही लाल मॅगझिनवर. आणि एकदा, पांढऱ्या मॅगझिनवर, घोडा दाबला, टक् आवाज आला, गोळी उडालीच नाही. त्या वेळी शिकवल्याप्रमाणे नळी टार्गेटकडे तशीच धरून तीस सेकंद मोजले, कधी कधी बार उशिरानं उडतो म्हणून. मग मॅगझिन काढून ते काडतूस बाहेर घेतलं. मागच्या टोपीवर पिनचा ठसा होता, पण अगदी वरवरचा, ज्वारीचा दाणा ओल्या मातीवर नुसता टेकवावा तसा. तेच काडतूस रेंजवरच्या प्रशिक्षकांना विचारून पुन्हा भरलं, तर दुसऱ्या फटक्याला उडालं.

फौजेत हत्यार अडकलं की ‘फौरी इलाज’ करायचा असतो, तो हाताला इतका बसलाय की मी तीन-चार सेकंदांत पुन्हा तयार असतो. पण तिथं डावी-उजवीकडं साथीदार असायचे. कणकुंबीच्या वळणावर मी आणि ड्रायव्हर दोघंच. ३२ मध्ये ७ म्हणजे साधारण प्रत्येक मॅगझिनला दोनदा. असं हत्यार कमरेला लावून काय उपयोग? नसलेलं बरं, निदान माणूस त्याच्या भरवशावर तरी राहत नाही.

ज्या दुकानातून घेतलं ते लांब, बेंगळुरूकडं. फोनवर त्यांचं म्हणणं, “नवीन आहे, शंभर-दोनशे राउंड चालू द्या, मोकळं होईल.” बाहेरच्या देशात लोक असंच करतात, हे मीही वाचलंय. पण मंडळी, शंभर-दोनशे म्हणजे माझा दोन ते चार वर्षांचा कोटा! शिवाय एका काडतुसाला शंभराच्या वर पडतात. पिस्तूल मोकळं होईपर्यंत माझं लायसन नूतनीकरणाला येईल.

मग माझ्या परीनं तपासलं. पहिला संशय स्वतःवर घेतला. या पिस्तुलाची स्लाइड गोळी उडाल्याच्या धक्क्यानंच मागे जाते. पकड ढिली असली, मनगट मागे झुकलं की धक्का वाया जातो आणि पुंगळी चिमटते, हे खरं आहे. म्हणून दुसऱ्या वेळी आमच्या पलटणीतल्या निवृत्त सुभेदार साहेबांना सोबत घेतलं, त्यांचंही बत्तीस बोअरचं लायसन आहे. लाल मॅगझिनचे शेवटचे आठ राउंड रेंजवाल्यांच्या परवानगीनं त्यांनी चालवले. त्यांचा हात माझ्यापेक्षा पक्का. त्यांच्याकडंही दोनदा अडकलं. म्हणजे सगळा दोष माझ्या मनगटाचा नाही, एवढं नक्की.

मग भाच्याला बोलावलं. तो उद्यमबागेत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आहे. तो व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) घेऊन घरी आला आणि माझ्यासमोर, जेवणाच्या टेबलावर, दोन्ही रिकाम्या मॅगझिनचे ओठ मोजले. ओठ म्हणजे वरच्या दोन वळवलेल्या कडा, ज्या काडतूस धरून ठेवतात. लालचे ओठ मागच्या बाजूला पांढऱ्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरनं जास्त उघडे निघाले. भाचा म्हणाला, “मामा, आमच्याकडं एवढा फरक असला तर पीस थेट रिजेक्ट.”

दुसरी गोष्ट त्यानं टॉर्च लावून दाखवली. मॅगझिनमधून निघालेली गोळी ज्या उतारावरून घसरत चेंबरमध्ये चढते, त्या उतारावर कटरच्या आडव्या रेघा तशाच आहेत. नख फिरवलं की अडकतं. न चढलेली दोन काडतुसं मी बाजूला ठेवली होती, त्या दोन्हींच्या टोकाला एकाच जागी ओरखडा आहे. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की मला असं दिसतं : लाल मॅगझिन गोळी नीट धरत नाही, ती खाली टोक करून निघते, आणि खरखरीत उतार तिला वर चढू देत नाही. पांढरं मॅगझिन गोळी बरोबर उंचीवर देतं, म्हणून बहुतेक वेळा निभावतं.

अजून एक शंका. बत्तीस बोअरच्या काडतुसाची मागची कडा अंगापेक्षा किंचित बाहेर असते, बारा बोअरसारखी ठळक नाही, पण असते. हे काडतूस ब्राउनिंगनं १८९९ च्या सुमाराला काढलं, तेव्हापासून त्याची ही खोड आहे : भरताना वरच्या गोळीची कडा खालच्या गोळीच्या कडेच्या मागे गेली, तर दोन्ही एकमेकींत अडकतात आणि वरची पुढे सरकत नाही. मी प्रत्येक राउंड खालच्याच्या थोडा पुढे ठेवून, मग मागे दाबून भरतो, त्यामुळे हा प्रकार माझ्याकडं झाला नसावा. पण लालचे ओठ ढिले असल्यानं गोळ्या आत हलून आपोआप तसं होत असेल का? जाणकारांनी यावर जरूर सांगावं.

आता खरी अडचण दुरुस्तीची. गावात दोघा-तिघांनी सांगितलं, “उद्यमबागेत कुणीही दहा मिनिटांत बफ मारून देईल की.” मी ते करणार नाही, आणि कृपा करून तो सल्ला इथंही देऊ नका. आर्म्स ॲक्टच्या कलम ५ प्रमाणे परवाना नसलेल्यानं हत्यार दुरुस्त करणं हाच गुन्हा आहे. भाच्यानं नुसतं मोजलं, एक कणही घासला नाही. आणि तो उतार जास्त घासला गेला, तर पुंगळीचा मागचा भाग आधाराविना उघडा पडतो आणि बार हातात फुटू शकतो. शेतात जाऊन दोन-चार उडवून बघ, असंही एकानं सुचवलं. तेही नाही.

कोल्हापुरात परवानाधारक जुने कारागीर आहेत, असं ऐकून आहे. पण माझं लायसन कर्नाटकापुरतं. कोगनोळी नाका ओलांडला की माझ्या खिशातला तोच कागद निरुपयोगी. पाहुणे तिकडं, बाजारहाट तिकडं, मुलीची सासुरवाडी गडहिंग्लजला. आमच्या भागातली माणसं दिवसातून दोनदा राज्य बदलतात, पण हे हत्यार घेऊन मला एक पाऊल टाकता येत नाही.

माझं विचारणं असं. लाल मॅगझिन बदलून मागावं आणि त्यावरच थांबावं, की उतारासकट पूर्ण पिस्तूल कारखान्याकडं पाठवायचा आग्रह धरावा? पाठवायचं तर दुकानदारामार्फतच ना, कागदपत्रं कुणाच्या नावानं होतात? आणि हे देऊन रिव्हॉल्व्हर घेणं शहाणपणाचं ठरेल का? वडिलांची बारा बोअर आधीच माझ्या लायसनवर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं, पूर्वीसारखी तीन नाहीत. म्हणजे रिव्हॉल्व्हर हवं तर हे पिस्तूल सोडावंच लागेल. बारा बोअर मी सोडणार नाही, डुकरांसाठी ती लागते, आणि ती वडिलांची आहे.

काजूचा हंगाम मार्चला सुरू होतो. लवकर सांगा.

भर (चार दिवसांनी) : इतक्या जणांनी मनापासून लिहिलं, सगळ्यांचे आभार. बऱ्याच जणांनी एकच विचारलं : नवीन पिस्तुलातलं कारखान्याचं ग्रीस काढलं का? नळी आणि चेंबर पुलथ्रू-चिंदीनं (नळीतून ओढायची दोरी आणि फडकं) पहिल्याच दिवशी साफ केलं होतं. पण फायरिंग पिन ज्या भोकातून पुढे येते, तिकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. मॅन्युअलमध्ये जेवढं खोलायला सांगितलंय तेवढंच खोललं. आत मधासारखं घट्ट पिवळं ग्रीस भरलेलं होतं, कापसाची काडी आत घातली तर उभी राहिली! थंडीत आमच्याकडं पहाटे ते आणखी घट्ट होत असणार. वरवरच्या ठशाचं कारण हेच असावं. ज्या ताईंनी हे सर्वांत आधी लिहिलं, त्यांचे विशेष आभार.

घरी जिवंत काडतुसं भरून हातानं स्लाइड ओढून बघा, असं दोघांनी लिहिलंय. ते मी करणार नाही. घरात नातू आहे. त्याऐवजी सुभेदार साहेबांकडून सरावाची नकली काडतुसं आणली, बारूद नसलेली. लालमध्ये आठ भरून हातानं चालवली, तीन अडकली. पांढऱ्यात एकही नाही. हातानं ओढणं आणि गोळी उडाल्याच्या धक्क्यानं चालणं यात फरक आहे, हे कळतं मला, तरी लालवरचा संशय पक्का झाला.

कोल्हापूरचं म्हणाल तर शस्त्र विभागात जाऊन विचारलं. लायसनच्या कार्यक्षेत्राबाहेर नेऊ नका, असं स्पष्ट सांगितलं. कानडी कागद धाकट्या मुलीनं वाचून दाखवला, त्यातही तेच आहे. तो विषय संपला.

भर (तीन आठवड्यांनी) : वहीतल्या नोंदी, मॅगझिनची मापं आणि उताराचे फोटो असं सगळं एकत्र करून दुकानदाराला लेखी पाठवलं. फोनवर जे दोन महिने हललं नव्हतं, ते कागदावर हललं. त्यांनी लाल मॅगझिन परत घेऊन माझ्या लायसनवरच नवीन दिलं. उतारासाठी मात्र पिस्तूल कारखान्याकडं पाठवावं लागेल, किती दिवस लागतील ते सांगता येत नाही म्हणाले. हंगाम तोंडावर आहे.

काल रेंजवर गेलो. नवीन मॅगझिनचे आठही राउंड नीट चालले. पिनचा ठसा आता खोल आणि मधोमध पडतो, सगळ्या पुंगळ्या उचलून पाहिल्या.

पण आठ म्हणजे काय हो? ५० पैकी आता १० उरल्या. आठ गोळ्या मॅगझिनमध्ये ठेवायच्या तर तपासायला दोन. आणि दहाही रेंजवर घालवल्या तर पिस्तूल रिकामं घेऊन जांबोटीला जायचं. मालकांना मी सांगितलंय की पहिले पंधरा दिवस रोकड कमी आणि फेऱ्या जास्त करू, ते तयार झालेत.

ज्यांनी हे बत्तीस बोअर चार-पाच वर्षं वापरलंय, त्यांना शेवटचं विचारतो. उतार तसाच असताना, मॅगझिन बदलल्यावर आणि ग्रीस काढल्यावर तुमचं पिस्तूल पुढं नीट चाललं का? की हंगाम बुडाला तरी चालेल, आधी कारखान्याला पाठवा, असं तुम्ही म्हणाल? ज्यांनी पाठवलंय त्यांनी किती महिन्यांनी परत आलं तेवढं लिहा, म्हणजे मला मालकांशी बोलता येईल.