ईस्टरला लहान मुलांकडून काय करून घ्यावं? (वय ३ ते ७, कोल्हापूर)

शाहूपुरीकरीण · १५ मार्च २०२६

नमस्कार. आमच्या चर्चच्या संडेस्कूलचा सगळ्यात धाकटा गट यंदा माझ्याकडे आलाय. चौदा पोरं, तीन ते सात वर्षांची. झावळ्यांच्या रविवारी (पाम संडे, ईस्टरआधीचा रविवार), म्हणजे २९ मार्चला, एक तास मिळेल आणि ईस्टरला, ५ एप्रिलला, उपासनेनंतर दीड तास. खर्चाला पाचशे रुपये आहेत. एक खोली आणि बाहेर आंब्याखालचं अंगण, एवढी जागा.

गेल्या वर्षी प्लॅस्टिकची अंडी मागवून आत चॉकलेट घातली होती. ईस्टर २० एप्रिलला आला होता, ऊन तुम्हाला माहीतच आहे. पोरांनी अंडी शोधेपर्यंत सगळं पाघळलं. पण मला लागलं ते वेगळंच. घरी जाताना लेकीला विचारलं, आज काय होतं गं? म्हणाली, "सशाने अंडी लपवली." येशूचं नाव नाही, तो ज्या कबरेतून उठला त्या कबरेचं नाव नाही. चूक तिची नव्हे, आम्ही तिच्या हातात दिलं तेच तिच्या लक्षात राहिलं.

म्हणून यंदा हाताला काम असं हवं की त्यातून गोष्ट आपोआप कळावी. सोपं, स्वस्त, आणि शक्यतो इथल्या बाजारात मिळणारं. कुणी केलं असेल तर सांगा.

बालवाडीवाली · १५ मार्च

ताई, बाकी काही नाही केलंत तरी चालेल, पण "कबरेची बाग" करा. मी बरीच वर्षं करते आणि दर वर्षी नव्याने आवडते.

दिवाळीत आपली पोरं किल्ला करतात ना, माती थापून वर मोहरी-हळीव पेरतात? हे तेच काम, फक्त किल्ल्याऐवजी बाग. नवरात्रात घट बसतो त्या घरातल्या मुलांना तर पेरणं शिकवावंच लागत नाही.

प्रत्येकाला मिठाईचा रिकामा खोका द्या, आत प्लॅस्टिकची पिशवी अंथरा. त्यावर चार बोटं माती. संक्रांतीची बोळकी घरोघरी पडलेली असतात, ती मागवून घ्या. कमी पडली तर कुंभार गल्लीत मिळतील, शाहूपुरीतच तर आहे. बोळकं आडवं ठेवून अर्धं मातीत पुरायचं, वरून माती चढवून टेकडी करायची. ही झाली कबर. तोंडावर मावेल असा एक चपटा दगड मुलांनी स्वतः शोधून आणायचा. दगड शोधण्यात पोरं रमतात, त्याला वेळ ठेवा, घाई करू नका. टेकडीवर खराट्याच्या काड्यांचा क्रूस, दोऱ्याने बांधलेला. मग सगळीकडे हळीव पेरायचे.

हळीव भिजवू नका. भिजवले की बुळबुळीत होऊन हाताला चिकटतात आणि एकाच जागी गोळा पडतो. कोरडेच भुरभुरवायचे आणि वरून पाणी शिंपडायचं. दोन-तीन दिवसांत मोड येतात. मोहरी घेतली तर रात्रभर भिजवून पेरा.

आणि यातली खरी गंमत तारखांची आहे. झावळ्यांच्या रविवारी पेरलं की बरोबर सात दिवसांनी ईस्टर. पेरताना नुसती काळी माती, ईस्टरला हिरवीगार. गुड फ्रायडेला घरी आईबाबांसोबत पांढऱ्या फडक्याची छोटी घडी (येशूला गुंडाळलेलं कापड म्हणून) बोळक्यात ठेवून तोंडावर दगड लावायचा. शनिवारी काहीच करायचं नाही, नुसतं थांबायचं. रविवारी पहाटे दगड बाजूला. आत फक्त घडी केलेलं फडकं.

एक सांगते, लहान मुलांना थांबायला लावणं अवघड वाटतं, पण त्या शनिवारी ती दहा वेळा जाऊन दगडाकडे बघतात. ते बघणंच महत्त्वाचं.

शाहूपुरीकरीण · १५ मार्च

बालवाडीताई, वाचतानाच अंगावर काटा आला. हे नक्की. खोके घरी न्यायला दिले तर पाणी कोण घालणार, एवढीच काळजी.

बालवाडीवाली · १६ मार्च

मुलंच घालतील, सकाळ-संध्याकाळ, हाताने शिंपडून. तांब्याने ओतलं तर बी वाहून जातं. खोका उन्हात नको, खिडकीत ठेवा. आणि तुमच्याकडे तीन-चार खोके जादा पेरून ठेवा. एखाद्याचं उगवत नाहीच, त्या पोराला रविवारी रिकाम्या मातीसमोर उभं करायचं नसतं.

पहाटवारा · १६ मार्च

अंडी अगदीच सोडू नका हो. अंड्यालाही अर्थ आहे. जुन्या काळी युरोपात ईस्टरआधीच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य असत. कोंबड्या काही उपवास पाळत नाहीत, त्यामुळे घरोघरी अंडी साठत आणि ईस्टरला ती काढली जात. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळींत अंडी लालच रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून, आणि कवच फोडणं म्हणजे कबर उघडणं.

रंग विकत आणायची गरज नाही. आमच्या घरी असं करतो: सहा-सात कांद्यांच्या कोरड्या साली दोन कप पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळायच्या, गाळायचं, गार झालं की कपाला एक चमचा व्हिनेगर. उकडलेलं पांढरं अंडं त्यात अर्धा तास ठेवलं की विटकरी लाल येतं. हळद दोन चमचे कपभर पाण्यात उकळली की पिवळं. बिटाने गुलाबी. जांभळा कोबी मिळाला तर पांढऱ्या अंड्यावर चक्क निळा रंग चढतो, ते बघून पोरं वेडी होतात. व्हिनेगर विसरू नका. अंड्याचं कवच चुन्याचं असतं, आंबटामुळे ते वरून जरासं खरबरीत होतं आणि रंग धरतो.

आता खरी कला. अंड्यावर कोथिंबिरीचं एक पान चिकटवा, जुन्या पातळ मोज्यात किंवा मलमलीत घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधा आणि मग कांद्याच्या पाण्यात सोडा. बाहेर काढून मोजा सोडवला की पानाची पांढरी नक्षी उमटलेली असते. धाकट्यांसाठी त्याहून सोपं म्हणजे पांढऱ्या मेणाच्या खडूने आधी अंड्यावर काहीतरी काढायचं. काढताना दिसत नाही, रंगात बुडवलं की दिसतं. युक्रेनमध्ये मेणाने नक्षी करून अंडी रंगवायची मोठी परंपरा आहे, हा तिचाच लहान मुलांना जमेल असा प्रकार.

दोन गोष्टी मात्र पाळा. रंगपंचमीचे उरलेले रंग खायच्या अंड्याला अजिबात लावू नका. आणि उकडलेली अंडी आपल्या उन्हात दोन तासांवर बाहेर ठेवून नंतर मुलांना खाऊ देऊ नका.

रंकाळ्याकाठी · १७ मार्च

मी ख्रिस्ती नाही, पण मुलगी कॉन्व्हेंटमध्ये आहे आणि तिला दरवर्षी ईस्टरचं काहीतरी करून न्यायचं असतं. आमच्याकडे अंडं चालत नाही. असं काही आहे का, जे आमच्या स्वयंपाकघरात बसून करता येईल?

बालवाडीवाली · १७ मार्च

आहे की! बटाटा उभा मधोमध कापा, अंड्याचाच आकार निघतो. कापलेल्या बाजूवर सुरीने तुम्ही रेघा-ठिपके खणून द्या, ती रंगात बुडवून कागदावर ठसे मारेल. नाहीतर हाताच्या पंजाची लिली करा. पांढऱ्या कागदावर पंजा रेखायचा, कापायचा, मनगटाच्या बाजूने सुरळी करायची, बोटं पेन्सिलीवर गुंडाळून बाहेर वळवायची. मध्ये पिवळी गुंडाळी, खाली हिरवी काडी. ईस्टरला चर्चमध्ये लिली ठेवतात त्यामुळे शाळेतही पटेल. आणि तुमच्याकडे ठेवायला तिच्या या वयातल्या हाताचं माप राहील.

रंकाळ्याकाठी · १७ मार्च

लिलीच करते. खूप आभार ताई.

कोल्हापुरी मामा · १८ मार्च

मी अंडी लपवायच्या खेळाबद्दल सांगतो, मुलांना तो हवाच असतो. पण नुसतं शोधून पोतं भरायचं असलं की मोठी पोरं पळत सुटतात आणि तीन वर्षांची रडत बसतात. आम्ही तो खेळ गोष्टीचा केला.

दिवाळीच्या पणत्या आहेत ना, दोन पणत्या तोंडाला तोंड लावून दोऱ्याने बांधल्या की एक अंडं झालं. आत एकेक वस्तू. आम्ही सातच करतो, लहानांना तेवढं पुरे. पहिल्यात झावळीचा तुकडा, दुसऱ्यात पावाचा तुकडा, तिसऱ्यात रुपयाचं नाणं (येशूला पकडून देणाऱ्या यहूदाला चांदीची तीस नाणी मिळाली ना, त्यासाठी), चौथ्यात बाभळीचा काटा कागदात गुंडाळून, पाचव्यात काड्यांचा क्रूस, सहाव्यात लहान दगड. सातवं रिकामं. प्रत्येकावर आकडा घालायचा आणि झाडाखाली, पायरीवर, कुंडीआड ठेवायची. दोन-दोन मुलांना मिळून एक शोधायचं. सगळे गोलात बसले की क्रमाने उघडायची आणि ज्याच्या हातात आहे त्यानेच सांगायचं हे काय आहे. शेवटचं उघडल्यावर कुणीतरी म्हणतंच, "ह्यात तर काहीच न्हाई!" तिथे मी काही बोलत नाही. पोरंच एकमेकांना सांगतात.

सशाचं म्हणाल तर तो जर्मन भाषा बोलणाऱ्या मुलखातून आला, १६८२ सालच्या एका वैद्याच्या लिखाणात त्याची नोंद आहे. फ्रान्समध्ये बऱ्याच ठिकाणी ससा नसतो, तिथे मुलांना सांगतात की चर्चच्या घंटा रोमला गेल्यात आणि येताना अंडी आणतील, म्हणून गुड फ्रायडेला त्या वाजत नाहीत. ऑस्ट्रेलियात बिल्बी नावाचा लांब कानांचा प्राणी आहे, आता त्याचं चॉकलेट करतात. प्रत्येक देशाने आपल्या मुलांना आवडेल ते जोडलं. मग आपण पणती जोडली तर काय बिघडलं?

शाहूपुरीकरीण · १८ मार्च

मामा, पणत्यांचं अंडं! माझ्याकडे माळ्यावर डबाभर आहेत. फक्त गुड फ्रायडेचं तीन वर्षांच्यांना किती सांगायचं हे मला अजून उमजत नाही.

बालवाडीवाली · १९ मार्च

थोडं आणि खरं. "लोकांनी येशूला क्रूसावर दिलं, तो मेला, त्याच्या माणसांना खूप रडू आलं, त्यांनी त्याला गुहेत ठेवलं आणि दगड लावला." बास. खिळे, रक्त यांची चित्रं या वयाला दाखवू नका. पण मेला हे वाक्य गाळूही नका. झोपला असं सांगितलं की मुलं रात्री झोपायला भितात, हे मी पाहिलंय.

चंदगडचा काजू · २० मार्च

खाऊ राहिला. चॉकलेटऐवजी काजूची अंडी करा, वितळत नाहीत. काजूकतलीचंच पीठ: दोन वाट्या काजूची पूड, एक वाटी साखर, साखर बुडेल इतकं पाणी, एकतारी पाक, त्यात पूड घालून गोळा होईपर्यंत हलवायचं. कोमट झालं की प्रत्येकाला लिंबाएवढा गोळा, तुपाचा हात लावून पोरांनी स्वतः अंडी वळायची. पाक अर्थातच तुम्ही घरी करून न्यायचा. आधी पालकांना विचारून घ्या, एखाद्याला काजू चालत नसतो.

आणखी एक सुचवतो, याला पैसाही लागत नाही. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते, २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणून ती २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये हलत राहते. यंदा पौर्णिमा २ एप्रिलला, म्हणजे शेवटच्या भोजनाच्या गुरुवारीच. त्या रात्री पोरांना गच्चीवर न्या आणि चंद्र दाखवा. सांगा, येशू शिष्यांबरोबर जेवून बागेत प्रार्थनेला गेला, तेव्हाही असाच मोठा चंद्र होता. ज्यूंचा वल्हांडण सण, ज्या वेळी हे घडलं, तो पौर्णिमेलाच येतो, त्यामुळे हे खरं आहे. जोतिबाची चैत्र यात्राही याच पौर्णिमेची, तेव्हा शेजारची पोरंही जागीच असतील.

शाहूपुरीकरीण · ५ एप्रिल, रात्री

सगळ्यांना कळवायचं होतं, म्हणून लेकीला झोपवून लिहितेय.

२९ तारखेला चौदापैकी बाराजण आले. झावळीचे क्रूस मोठ्या चौघांनाच जमले, बाकीच्यांनी झावळ्या घेऊन अंगणात मिरवणूक काढली, ते जास्त छान झालं. दगड शोधायला ताई म्हणाल्या तसा वेळ दिला, वीस मिनिटं गेली. खर्च झाला तो मुख्यतः काजूचा, थोडा हळिवाचा.

तिघांचं उगवलं नाही. दोघांच्या घरी पाणी घालायचं राहिलं होतं आणि एकाचा खोका मांजराने उलटवला. जादा पेरलेले चार होते म्हणून निभावलं. नाहीतर मांजराची हकीकत सांगणारा तो पोरगा फार कावराबावरा झाला होता. त्याला नवा खोका दिल्यावर त्याने आधीच्याच खोक्यातला आपला दगड खिशातून काढून तिथे लावला. तो जपून आणला होता त्याने.

पणत्यांची गोष्ट झाली. सातवी उघडली तेव्हा एक चार वर्षांची मुलगी आत बोट घालून तपासून म्हणाली, "घडीपण नाही!" बोळक्यात फडकं होतं, पणतीत का नाही, असा तिचा सवाल. मामा, पुढच्या वेळी सातव्या पणतीत फडक्याची चिंधी घालणार आहे.

आणि माझ्या लेकीला आजही विचारलं, काय होतं गं? म्हणाली, "दगड मी काढला."

कोल्हापुरी मामा · ५ एप्रिल

चिंधी मीही घालतो इथून पुढं. प्रभू उठला आहे, ताई.

शाहूपुरीकरीण · ५ एप्रिल

खरोखर उठला आहे. मामा, आता त्या हळिवाचं काय करायचं? मुलं उपटू देत नाहीत.

बालवाडीवाली · ६ एप्रिल

उपटायचं नाही. बोटभर वाढला की कात्रीने कापून कोशिंबिरीत घाला. जरा तिखट लागतो. मुलांनाच कापू द्या.