'रूटलेस' कंटेनरला मराठीत काय म्हणावं?

(नाशिकच्या तीन भागांतले तिघे बोलतायत.)

गंगापूर रोड: घरच्या लिनक्स पीसीवर कंटेनर (प्रोग्राम बाकी सिस्टिमपासून वेगळा ठेवून चालवायची चौकट) चालवायला डॉकर घ्यावं की पॉडमन, यावर नाशिकच्या डिप्लोमाच्या मुलांसाठी टिपण लिहितोय. 'रूटलेस'साठी 'रूटविरहित' चालेल?

पंचवटी: नको. वाचणाऱ्याला वाटेल की आत रूट (सगळे अधिकार असलेला युजर) नाहीच. पॉडमन साध्या युजरने चालवला तरी कंटेनरच्या आत रूट असतोच. बाहेर तो म्हणजे तुमचाच युजर. आतले बाकीचे युजर 'सबयूआयडी' फाईलमधल्या (तुमच्या युजरला दिलेल्या जादा आयडी क्रमांकांच्या) पट्ट्यात बसतात, बहुधा 100000 पासून पुढे 65536 आयडी. म्हणून नेक्स्टक्लाउडमधल्या (फाईली साठवायच्या प्रोग्राममधल्या) 33 क्रमांकाच्या युजरने लिहिलेली फाईल बाहेर 100032 च्या नावावर दिसते आणि तुम्हाला ती पुसता येत नाही. मुलं इथे लगेच सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवणं) लावतात. त्याऐवजी 'पॉडमन अनशेअर' लिहून पुढे पुसण्याची कमांड द्यायची, म्हणजे ती त्याच आयडींच्या पट्ट्यात चालते. मी 'साध्या युजरखालचा कंटेनर' म्हणेन. लांब आहे, पण खरं आहे.

सातपूर: सहमत. डॉकरलाही रूटलेस मोड आहे, पण नेहमीच्या पद्धतीत त्याचा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) रूट म्हणून चालतो. 'सुडो नको म्हणून युजर डॉकर ग्रुपमध्ये टाका' असं सर्रास सांगतात. तो ग्रुप म्हणजे रूटचेच अधिकार, हे टिपणात ठळक लिहा. डीमनला 'डीमन'च ठेवा, 'पार्श्वसेवा' कोणी शोधणार नाही. 'कंटेनर'ही तसाच, इथे द्राक्षांचे रीफर (थंड कंटेनर) न्हावा शेव्याला जातात, शब्द सगळ्यांच्या तोंडात आहे.

गंगापूर रोड: मग हे वाक्य: 'लाइट येऊन पीसी चालू झाला की कंटेनर आपोआप चालू होतो.'

पंचवटी: 'आपोआप' काढा. डॉकरमध्ये 'अनलेस-स्टॉप्ड' हा रीस्टार्टचा नियम दिला असेल आणि डीमन बूटला सुरू होत असेल तर तो कंटेनर उठवतो. पॉडमनला डीमन नाही, ते काम सिस्टमडीचं (लिनक्समध्ये सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं). कंटेनर कसा चालवायचा ते सिस्टमडीला सांगणारी क्वाडलेटची फाईल लिहायची (पॉडमन 4.4 पासून) आणि 'लॉगिनसीटीएल' कमांडने त्या युजरचं लिंगर (लॉगिन नसतानाही त्याच्या सेवा चालू ठेवणं) चालू करायचं. लिंगर चालू करायचं राहून गेलं तर तुम्ही लॉगिन करेपर्यंत काहीच उठत नाही, आणि मुलं पॉडमनला दोष देतात.

सातपूर: पोर्टचंही घाला. साध्या युजरला 1024 च्या खालचा पोर्ट मिळत नाही, 80 ऐवजी 8080 द्यावा. उलट डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये बंद केला तरी बाहेरून उघडाच राहतो, कारण डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉल नियमांत) स्वतःचे नियम घालतं. फक्त त्याच पीसीवरून वापरायचा असेल तर पोर्टच्या आधी 127.0.0.1 लिहा.