लँडस्केपवाला म्हणजे नुसता ब्रोशर रंगवणारा? (परवाच्या पोस्टला उत्तर)

ओढ्याकाठची
परवा 'जमाखर्च' यांनी लिहिलं की सोसायटीने लँडस्केप आर्किटेक्टला, म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जागा आखणाऱ्या तज्ज्ञाला, फी देणं म्हणजे पैसे लॉनमध्ये पुरणं. चांगला माळी ठेवा, दोन नर्सऱ्या फिरा, काम होतं. खाली धडाधड अंगठे पडले. दोन दिवस गप्प बसले, पण आता राहवत नाही.

मी पुण्यात बावधनला राहते. मागे टेकडी, पुढे रामनदीला जाऊन मिळणारा ओढा. बिल्डरने आवारातला ओढा पाइपात घातला, वर मुरूम टाकला आणि लॉन अंथरलं. ब्रोशरमध्ये त्याचं नाव 'सेंट्रल ग्रीन'. पहिल्याच मोठ्या पावसात पाइप तुंबला आणि टेकडीचं पाणी थेट बेसमेंटमध्ये उतरलं. सतरा गाड्या बुडाल्या, लिफ्टचा खड्डा भरला, चार दिवस म्हातारी माणसं वरच्या मजल्यांवर अडकली. आणि एप्रिल उजाडला की त्याच लॉनला टँकरचं पाणी.

तुम्ही हिशेबाची माणसं, म्हणून हिशेबच मांडते. उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरमागे रोज चार-पाच लिटर पाणी लागतं. एकरभर लॉन म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटर. रोजचे १६ ते २० हजार लिटर, म्हणजे दहा हजारी दोन टँकर, नुसत्या गवताला. उलट १,००० चौरस मीटरच्या गच्चीवर पुण्याच्या ७०० मिलिमीटर पावसात सात लाख लिटर पाणी पडतं. ते आपण गटारात सोडतो.

हे माळ्याच्या हातातलं नाही. माळी मिळालेल्या मातीत झाड जगवतो. उतारावरचं पाणी कुठे थोपवायचं, कुठे पसरू द्यायचं, बेसमेंटची भिंत कुठे थांबवली तर बाजूला मोठ्या झाडापुरती खरी जमीन उरेल, हे ठरवणारा माणूस वेगळा. तो पहिल्या नकाशाला हवा. आपल्याकडे त्याला इमारत रंगवून झाल्यावर बोलावतात आणि मग म्हणतात, याने केलं काय? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने सहकारनगर-अरण्येश्वरकडे काय केलं ते पुणेकराला सांगायला नको. ओढ्याची वाट अडवली की तो घरातून वाट काढतो.

जमाखर्च
माझं अर्धंच म्हणणं घेतलंत. अकरा वर्षं खजिनदार आहे, सिंकिंग फंडाची एकेक एन्ट्री मला पाठ आहे. आमच्याकडेही आला होता एक नावाजलेला सल्लागार. काय दिलं? बाहेरून आणलेले पाम, काळ्या दगडाचं कारंजं आणि गोट्यांची 'कोरडी नदी'. कारंजं आठ महिने चाललं, मग पंप जळला. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून नोटीस आली आणि ती घ्यायला मी गेलो, सल्लागार नव्हे. पामची वाळकी झावळी एका गाडीच्या काचेवर पडली, ती भरपाईही सोसायटीच्या खिशातून.

प्रभात रोडच्या जुन्या बंगल्यांत आंबा, फणस, विहीर, मागे केळी, सगळं होतं. कुठल्या आर्किटेक्टने आखलं होतं? न्हाणीचं पाणी केळीला जायचं आणि ती अक्कल घरातल्या आजीची होती.

ओढ्याकाठची
आजी होती, विहीर होती आणि बंगल्याभोवती जमीन होती. आज तीनशे घरांखाली कडेपासून कडेपर्यंत दोन मजली बेसमेंट आहे. आजीने केळ लावायची कुठे, स्लॅबवर?

पार्ल्याचा चाफा
स्लॅबवरून आठवलं. मुंबईतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१३ ला स्पष्ट सांगितलं की नियमाने सोडायची किमान मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर दाखवून चालणार नाही. कारण साधं आहे, स्लॅबवर तीन फूट माती घातली तर चाफा आणि जास्वंद येईल, पिंपळ पुरता वाढणार नाही. पाणी जमिनीत मुरणार नाही ते वेगळंच. आमच्या पुनर्विकासाच्या बैठकीत मी हे बोललो तर लोक म्हणाले, 'काका, पार्किंग कमी होईल.' चाळीस वर्षांचं बकुळीचं झाड त्या पार्किंगसाठी गेलं. माझ्या मुलीचं बारसं त्या झाडाखाली झालं होतं. यावर मी शांतपणे बोलू शकत नाही, माफ करा.

बी-बियाणे
मूळ दुखणं परदेशी झाडांचं आहे. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला. कोनोकार्पस तर गुजरातने २०२३ मध्ये बंद केला, आपल्याकडे अजून कुंपणाला लावतात. ताम्हण, करंज, बहावा, सप्तपर्णी लावा, निम्मे प्रश्न सुटतील.

रात्रपाळी
सप्तपर्णीचं नाव काढू नका! आमच्या सोसायटीच्या अंतर्गत रस्त्याला एका रांगेत चोवीस सप्तपर्णी आहेत, सगळ्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला टेकलेल्या. ऑक्टोबर आला की संध्याकाळी सातपासून तो वास घरात शिरतो. आईला दमा आहे. गेल्या दोन दिवाळ्या तिने खिडक्या बंद करून, पंप हातात धरून काढल्या. एकदा रात्री दोन वाजता रिक्षा शोधत फिरलो. आणि तुम्ही सांगता प्रश्न सुटतील?

बी-बियाणे
दमा वाढायला फटाके, बांधकामाची धूळ, थंडीची सुरुवात, सगळं त्याच महिन्यात असतं. झाडाच्या माथी मारणं सोपं आहे. बंगालचा तो राज्यवृक्ष आहे. शांतिनिकेतनात दीक्षान्ताला विद्यार्थ्यांच्या हाती त्याचंच पान द्यायची प्रथा होती.

रात्रपाळी
शांतिनिकेतनात ते झाड मोकळ्या माळावर आहे, माझ्या आईच्या उशापाशी नाही. तुमच्या देशीपणापुढे तिचा श्वास कमी महत्त्वाचा आहे का? हे तुम्ही तिच्यासमोर येऊन बोला.

जमाखर्च
हेच. झाड छाटायचं म्हटलं की वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढा, १९७५ चा कायदा आहे, मी दोनदा फाइल घेऊन फिरलोय. लावताना विचारायला कोणी येत नाही.

वासाची वेडी
मला तो वास फार आवडतो. नवरात्र संपून थंडीची चाहूल लागते तेव्हा कर्वे रोडवरून स्कूटरवर जाताना तो येतो, आणि बाबांबरोबर कॉलेजची फी भरायला गेलेली संध्याकाळ आठवते. सगळीच झाडं तोडत सुटू नका.

रात्रपाळी
तोडा म्हटलंच नाही मी! वरचे प्रतिसाद नीट वाचा. खिडकीपासून लांब लावा एवढंच म्हणतोय.

ओढ्याकाठची
विषय भरकटला असं लिहिणार होते, पण भरकटलेला नाही. सप्तपर्णी का लावतात? भराभर वाढते, बाराही महिने हिरवी राहते, चीक असल्याने शेळ्या-गुरं तोंड लावत नाहीत, नर्सरीत हवी तेवढी मिळते. कंत्राटदाराला यापलीकडे काही नको असतं. पण एकाच जातीची चोवीस झाडं एकदम फुलली की परागही एकदम आणि वासही एकदम. चार जाती मिसळल्या असत्या, खिडकीपासून अंतर ठेवलं असतं, पश्चिमेला वैशाखात सावली देणारी झाडं घेतली असती, तर हे भांडण झालंच नसतं. आईंना बरं वाटो. मी तुमच्या बाजूने आहे.

बी-बियाणे
एका जातीची रांग नको, हे मान्य. पण 'देशी' हा शब्द नुसती फॅशन आहे असं कोणी म्हणणार असेल तर पुन्हा भांडेन.

सिंगापूरकर नाना
मी वीस वर्षं इथे सिंगापुरात आहे. बिशान-आंग मो किओ पार्क जरूर पाहा. सरकारी घरांच्या शेजारून कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा नाला जायचा. जर्मन लँडस्केप आर्किटेक्ट हर्बर्ट ड्रायझाइटल यांच्या संस्थेने तो फोडून ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली, २०१२ मध्ये पार्क खुला झाला. पाऊस नसताना मुलं पाण्यात खेळतात, पाणी वाढलं की काठचं गवताळ मैदानच पात्र होतं. माझी नात तिथे पाणकोंबड्या मोजते.

जमाखर्च
नाना, तिथे वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बाराही महिने. आमच्याकडे चार महिने पाऊस आणि आठ महिने फुफाटा. तुमची नदी इथे आणली तर जानेवारीत तिच्यात प्लास्टिकच्या पिशव्या आणि डुकरं दिसतील. परदेशातली चित्रं दाखवून आमच्या मेंटेनन्सचे आकडे फुगवू नका.

ओढ्याकाठची
पावसाचा मुद्दा बरोबर आहे. मग कोरड्या मुलखातलं घ्या. कॅलिफोर्नियात डेव्हिसला 'व्हिलेज होम्स' नावाची वसाहत १९७० च्या दशकात झाली. तिथे पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कडकडीत कोरडा. मायकेल आणि ज्युडी कॉर्बेट यांनी पावसाचं पाणी वाहून नेणारे पाइप टाकलेच नाहीत. घरांच्या मधून उथळ, झाडीचे चर काढले, पाणी त्यात थांबतं आणि मुरतं. नगरपालिकेच्या इंजिनिअरांनी विरोध केला, पण मोठ्या पावसात ते चर टिकले. पाइपांचे वाचलेले पैसे बागेत आणि फळझाडांत गेले. चर कोरडा असतो तेव्हा ती मुलांची पायवाट. हे आपल्या उतारांना जमतं.

जमाखर्च
वाचलंय मी. कॉर्बेट लँडस्केप आर्किटेक्ट नव्हते! स्वतः बांधणारे आणि स्वतः तिथे राहणारे होते. म्हणजे माझंच म्हणणं: राहणाऱ्याला कळकळ असेल तर होतं.

ओढ्याकाठची
नव्हते, कबूल. पण त्यांनी घरांच्या आधी पाण्याचा नकाशा काढला. मी पदवीसाठी भांडत नाहीये, त्या क्रमासाठी भांडतेय. आपल्याकडे ज्याच्या घरी ती कळकळ नाही अशा बिल्डरला कोणीतरी पहिल्या दिवशी अडवायला हवं, आणि ते शिकलेला माणूस म्हणजे लँडस्केप आर्किटेक्टच.

मुरूम-पाषाण
भूजलाच्या कामात आहे, म्हणून एक भर. पुण्याखाली बेसॉल्ट आहे. अखंड काळ्या पाषाणावर शोषखड्डा घेतला तर पाणी दोन दिवसांत भरतं आणि शेजारच्या तळघरात झिरपतं. भेगाळलेला किंवा झिजलेला थर जिथे आहे तिथेच पुनर्भरण होतं. भोगवटा प्रमाणपत्र मिळवण्यापुरते खणलेले कित्येक खड्डे मी कोरडे ठणठणीत किंवा राडारोड्याने भरलेले पाहिलेत. आधी विहीर-बोअरची पातळी आणि दगड बघा, मग झाडाचं आणि खड्ड्याचं ठरवा. लँडस्केपवाल्यांपैकीही सगळे हे बघत नाहीत, हे त्यांनी ऐकावं.

जमाखर्च
हे उपयोगाचं. आमचे दोन खड्डे मागच्या गेटपाशी आहेत आणि बी विंगच्या बेसमेंटच्या भिंतीला ओल तिथेच येते. दोन्ही एकत्र कधी लावून पाहिलं नव्हतं. दोन वर्षं वॉटरप्रूफिंगवाल्याला पैसे देतोय.

ठीक आहे, ओढ्याकाठच्या बाई. पाण्याचा नकाशा आधी हवा, मानलं. पण पूर्ण झालेल्या सोसायटीत फीच्या बदल्यात मला नेमकं काय मिळेल ते सांगा. 'ग्रीन एक्सपिरियन्स' असले शब्द नकोत.

ओढ्याकाठची
आम्ही काय केलं ते सांगते. पोरगी तरुण होती, शिकून नुकतीच बाहेर पडलेली. पहिले तीन आठवडे तिने एकही झाड सुचवलं नाही. पावसात छत्री घेऊन आली, पाणी कुठून येतं, कुठे थांबतं ते खडूने फरशीवर आखलं. मग लॉनचा दोन तृतीयांश भाग काढला, तिथे वाळा, अडुळसा, निर्गुडी आणि कमी पाण्याचं गवत लावलं. पेव्हर ब्लॉक उखडून जाळीचे बसवले, फक्त जिथे गाड्या उभ्या राहतात तिथे. टेकडीकडच्या कुंपणाला लागून चर काढला. पाइपातला ओढा मोकळा झाला नाही, त्यासाठी शेजारच्या तीन सोसायट्या लागतील आणि त्या बैठकीला येत नाहीत. ते दुःख आहेच. पण नंतरचे दोन पावसाळे बेसमेंट कोरडं राहिलं, आणि यंदा मेमध्ये बागेसाठी एकही टँकर मागवला नाही.

तुमचं एक मात्र घेते. करार संपल्यावर ती गेली आणि माळी बदलला, तेव्हा नव्या माळ्याने वाळा गवत समजून कापून टाकला. दोन वर्षांची देखरेख फीतच धरायला हवी होती.

जमाखर्च
तेच तर मी परवापासून सांगतोय. तो चर किती खोल घेतलाय, आणि कंपाउंडच्या भिंतीच्या पायापासून किती लांब?

ओढ्याकाठची
दीड फूट खोल, भिंतीपासून दहा फुटांवर. पण आमचा मुरूम आहे. तुमच्याकडे मागच्या गेटपाशी काय आहे ते आधी एक खड्डा घेऊन बघा.